गाठी शिकायला मढला

मढ बेट हे बेट नाही. मी मुलुंडच्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवते, म्हणून हे आधी सांगून टाकते. मालाडहून तिथे सरळ बस जाते. पण आमच्या शिबिराच्या पत्रकात ‘मुख्य भूमीपासून तुटलेल्या जागी, निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलेलं होतं. बसमधून उतरून निसर्गाच्या कुशीत शिरणं आयोजकांना बरं दिसलं नसावं. त्यामुळे सगळ्यांनी वर्सोव्याहून होडीनेच यावं, अशी अट होती.

शिबिर होतं दोर आणि गाठींचं. जंगलात हरवलात, दरीत अडकलात, नदी आडवी आली, तर केवळ एका दोरीच्या जोरावर जिवंत कसं राहायचं ते दोन दिवसांत शिकवणार होते. शनिवार-रविवार. सोमवारी सगळ्यांना ऑफिस होतं.

मुलुंड

अनिल, म्हणजे माझा नवरा, मागच्या वर्षी विमा कंपनीतून निवृत्त झाला. तीस वर्षं तो क्लेम खात्यात होता. दुसऱ्यांची जळालेली दुकानं, उलटलेले टेम्पो, जिन्यावरून घसरलेले सासरे हे सगळं त्याने कागदावर पाहिलं, तपासलं आणि बहुतेक वेळा नामंजूर केलं. स्वतः मात्र तो कधी साधा ठेचकाळलाही नाही. निवृत्तीनंतर दोन महिने त्याने कपाटं आवरली. मग त्याला मोबाइलवर एक दाढीवाला परदेशी माणूस सापडला. हा माणूस बर्फाळ जंगलात एकटा जातो, झाडाची साल सोलून तिची दोरी वळतो, त्या दोरीने झोपडी बांधतो आणि उरलेल्या दोरीने मासे पकडतो. अनिल हे सगळं सोफ्यावर बसून, चहात खारी बुडवत बघायचा.

दीड महिन्यात आमच्याकडे दोन पोती दोर आले. निळा, केशरी, फौजी हिरवा. हातात घालायचं एक कडंही आलं. ते घट्ट विणलेल्या दोरीचं होतं आणि संकटात उसवलं की त्यातून आठ फूट दोरी निघणार होती. अनिलने ते हॉलमध्ये बसून उसवून पाहिलं. त्याला पाऊण तास लागला. परत विणायला दोन दिवस लागले.

मग घर बांधलं जाऊ लागलं. कपडे वाळत घालायच्या दोरीला त्याने अशी गाठ मारली की ती सोडवता येईना, शेवटी मी ती कोथिंबिरीच्या कात्रीने कापली. भूकंपात पडू नये म्हणून त्याने गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला जखडला. सिलिंडर बदलायला आलेला माणूस वीस मिनिटं ओट्याखाली बसून होता. शेवटी उठून म्हणाला, “काका, मी उद्या येतो. तोपर्यंत तुम्ही सोडून ठेवा.” सोसायटीच्या नारळाच्या झावळ्या सोलून त्याने जिन्यात दोरी वळायला घेतली, तेव्हा सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर नाव न घेता चार ओळी लावल्या.

“तू नक्की कुठल्या जंगलात अडकणार आहेस?” मी एकदा विचारलं.

“प्रश्न अडकण्याचा नाहीये.”

“मग?”

“तयारीचा आहे.”

मी हसले. तो हसला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “वैशाली, तीस वर्षं मी लोकांना एकच विचारत आलो. अपघात झाला तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत? कागद समोर ठेवून विचारायचो. उद्या मला कुणी विचारलं, तर माझ्याकडे काय उत्तर आहे?”

मढच्या शिबिरात त्याने आधीच नाव घातलं होतं. मग मी माझंही घातलं. त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं.

वर्सोवा

वर्सोव्याच्या धक्क्यावर शनिवारी सकाळी आमच्याइतकं सामान कुणाकडेच नव्हतं. मढला राहणाऱ्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन होत्या, दोघांनी मोटरसायकली होडीत चढवल्या, एकाकडे बकरी होती. अनिलकडे पंचेचाळीस मीटर दोर, तीन प्रकारच्या कड्या, होकायंत्र आणि शिट्टी होती. समोरचा किनारा इथूनच दिसत होता. तिथे एक माणूस दात घासत उभा होता, तोही दिसत होता.

होडीवाल्याने दोर खुंटाला दोन वेढे देऊन नुसता अडकवला होता. अनिलने तो वाकून पाहिला.

“ही गाठ अपुरी आहे,” तो मला हळूच म्हणाला. “याच्यावर अजून एक अर्धा फेरा हवा.”

त्या अपुऱ्या गाठीवर बकरी, मोटरसायकली आणि तीस माणसं धरून होडी छान उभी होती. एका मासेवालीने अनिलच्या पिशवीवर बसकण मारली. आत काय आहे असं तिने विचारलं. दोर, असं अनिल म्हणाला. “आनि माल?” तिने विचारलं. माल नाही, नुसते दोर आहेत, हे कळल्यावर तिने पुढे चौकशी केली नाही.

थर्मासमधला चहा काढेपर्यंत पलीकडचा किनारा आला. मुख्य भूमीपासून आम्ही तुटलो होतो.

मढ

शिबिराचा प्रमुख शौर्य नावाचा तिशीतला मुलगा होता. राहायला मालाडला, पण बोलताना ‘वाइल्डमध्ये असताना’ अशी सुरुवात करायचा. “मला सर म्हणू नका, फक्त शौर्य म्हणा,” असं त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्यामुळे सगळे त्याला शौर्य सर म्हणू लागले. त्याच्या कमरेला इतक्या वस्तू लटकत होत्या की तो बसला की भांड्यांचं शेल्फ पडल्यासारखा आवाज यायचा.

जंगल म्हणजे एका कोळी कुटुंबाची नारळाची वाडी होती. मागे तिवरं आणि खाडी, पुढे वाडीवाल्यांचं घर. डावीकडच्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालू होतं. तिथल्या नायिकेला रडायचं असलं की जनरेटर सुरू व्हायचा, मग शौर्यला गाठ ओरडून शिकवावी लागायची.

आम्ही बारा जण होतो. बरेचसे अंधेरीच्या ऑफिसांमधले. आपण इथे का आलो ते गोल बसून एकेकाने सांगायचं होतं. तन्वी नावाच्या, सत्तावीस वर्षांच्या मुलीने सांगितलं की तिला सगळ्या जगापासून डिस्कनेक्ट व्हायचंय. ते सांगून झाल्यावर तिला नेटवर्क मिळेना, म्हणून ती वाडीभर फोन उंच धरून फिरली. आपण डिस्कनेक्ट झालोय हे तिला लोकांना कळवायचं होतं. अनिलची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “तयारी.” सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. तन्वीने मला विचारलं, “आणि काकू, तुम्ही?” मी म्हटलं, “मी याच्याबरोबर.”

मग गाठी सुरू झाल्या. सगळ्यात महत्त्वाची गाठ म्हणजे न आवळणाऱ्या फासाची. माणसाला वर ओढायचं तर हीच हवी. ती शिकवायला शौर्यने एका सशाची गोष्ट सांगितली. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि परत बिळात जातो. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांचा ससा उलट्या बाजूने वळसा घालायचा आणि एका आयटीवाल्याचा तर बिळातून बाहेरच येईना. अनिलचा ससा मात्र घरचा सराव असल्याने टुणकन बाहेर आला आणि शौर्यने त्याला सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी दिली. त्याचा चेहरा असा फुलला की मला आदल्या दोन महिन्यांचे सगळे दोर माफ करावेसे वाटले.

मी हे सगळं करत होते, पण मनात आपले घरचे विचार. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा, गजऱ्याला शेवटचा पीळ द्यायचा, गोधडीचा टाका आतून अडकवायचा, परकराची नाडी अशी बांधायची की निरगाठ बसू नये. हे मला कुणी सशावरून शिकवलेलं नव्हतं. आणि त्यासाठी कुणी उभं करून शाबासकीही दिली नव्हती.

दुपारचं जेवण ‘सर्व्हायव्हल मील’ होतं. प्रत्येकाला एक वडी मिळाली. खजूर, कसल्याशा बिया आणि वर समुद्री मीठ. वेष्टनावर लिहिलं होतं की मीठ भूमध्य समुद्रातलं आहे. आमच्यापासून अरबी समुद्र शंभर पावलांवर होता. त्याच वेळी वाडीवाल्यांच्या घरातून ताज्या बोंबलाच्या कालवणाचा वास आला आणि बारा माणसं एकाच दिशेला बघू लागली.

पाणी आणायच्या निमित्ताने मी घरामागे गेले. तिथे हिराबाई होत्या. वाडी त्यांचीच. साठीच्या असाव्यात, नऊवारी खोचलेली, मांडीवर फाटलेलं जाळं. जाळ्याचं एक भोक भरून त्या दुसऱ्याकडे वळत होत्या आणि नजर शूटिंगवाल्या बंगल्याकडे होती.

“आज सकालपासून तिसऱ्यांदा रडते ती,” त्या म्हणाल्या. “गेल्या म्हयन्यात पन रडायची. लगीन झाला तिचा, तरी रडते.”

त्यांच्या होडीचा दोर दारातल्या खांबाला बांधलेला होता. मला ती गाठ ओळखीची वाटली. नीट पाहिलं तर सशाची.

“ही गाठ आम्हाला आज सकाळभर शिकवली,” मी म्हटलं. “तुमच्यात हिला काय म्हणतात?”

हिराबाईंनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “गाठ,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला वाटीभर कालवण दिलं आणि तांदळाची अर्धी भाकरी. मी ती मागच्या पायरीवर बसून खाल्ली आणि तोंड धुऊन परत गेले. अनिल शनिवारी मासे खात नाही, म्हणून त्याला सांगितलं नाही. बाकीच्यांना का सांगितलं नाही, याला कारण नाही.

संध्याकाळी प्रत्येकाने ताडपत्री आणि दोर वापरून आपापलं छप्पर उभारायचं होतं. रात्रीबद्दल एवढंच लिहिते की पहाटे आमचं छप्पर आमच्यावर होतं. गाठ सुटली नाही, झाड हललं, असं अनिलचं म्हणणं पडलं.

खाडी

रविवारचा मुख्य कार्यक्रम तराफ्याचा होता. चार निळी पिंपं, आठ बांबू आणि आम्हीच मारलेल्या गाठी. त्यावर बसून तिवरांमधला एक चिंचोळा फाटा पार करायचा. ओहोटी होती, फाट्यात कंबरभरही पाणी नव्हतं. म्हणून शौर्यने लाइफ जॅकेटं झाडाखाली रचून ठेवली. फोटो सकाळीच काढून झाले होते. बांबू बांधायचं काम अनिलच्या देखरेखीखाली झालं. दोर नवाकोरा, केशरी, चकचकीत. तो ओला झाल्यावर कसा वागतो, हे कुणी पाहिलं नव्हतं. व्हिडिओतला दाढीवाला कायम सालीची दोरी वापरायचा.

पहिल्या फेरीला अनिल आणि तन्वी बसले. अर्ध्या वाटेत एक पिंप शांतपणे बाजूला सरकलं आणि एकटंच निघून गेलं. मग बाकीचा तराफा शेवग्याच्या शेंगांची जुडी सुटावी तसा पसरला. तन्वी एका पिंपाला मिठी मारून पाय मारत परत आली. अनिलने पलीकडच्या चिखलावर उडी मारली. तो गुडघ्यापर्यंत आत गेला. एक पाय काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला.

आधी सगळे हसले. मीही हसले, हे लपवत नाही. अनिलही हसला आणि त्याने हात हलवला. मग त्याने पुन्हा पाय काढायचा प्रयत्न केला आणि हसायचा थांबला.

“कुणी पॅनिक व्हायचं नाही,” शौर्य म्हणाला. “हा आपल्यासाठी लर्निंग मोमेंट आहे.”

कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही फाटा ओलांडला. त्या बाजूला तिवरांच्या मुळांशी थोडी घट्ट जमीन होती. तिथून अनिल वीसेक फुटांवर. शौर्यने दोर फेकला. तिसऱ्या खेपेला तो अनिलच्या हातात गेला. टोकाला फास तयार होता, अनिलने तो डोक्यावरून छातीत अडकवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं. अनिल तसूभर हलला नाही, पण त्याच्या तोंडून विचित्र आवाज आला. तो फास आवळणारा होता. सरकफास. घाईत शौर्यचा ससा चुकला होता.

“सोडा, सोडा,” मी ओरडले. दोर ढिला केला, पण ओला फास छातीवर आवळून बसला होता, तो सुटेना. अनिलला त्या गाठीचं नाव माहीत होतं, इतिहास माहीत होता. ती दोन्ही हातांनी सैल करता येत नव्हती. मग मला दिसलं की तो दाताने मनगटावरचं कडं उसवतोय.

मी खाली पाहिलं. तिवराचं एक पिवळं पान पाण्यावर होतं. सकाळी पानं समुद्राकडे जात होती. हे पान खाडीच्या आत चाललं होतं. भरती-ओहोटीचा धडा मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर चंद्र काढते, सूर्य काढते, बाण काढते. मुलांना सांगते की रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आणि दोन दिवसांत माझ्या स्वतःच्या मनात एकदाही आलं नव्हतं की इथे पाणी कधी चढतं.

“शौर्य, भरती कधी आहे?”

त्याने घड्याळ पाहिलं. “संध्याकाळी पाचला सुरू होईल.”

“ही बघ, सुरू झालीये.”

त्याने परत घड्याळ पाहिलं, बटण दाबलं आणि त्याचा चेहरा उतरला. “हे मागच्या कॅम्पचं भरतीचं टेबल आहे,” तो म्हणाला. “गोव्याचं, मागच्या आठवड्यातलं.”

तेवढ्यात अनिलने मला हाक मारली. मोठ्याने नाही, घरात मारतो तशी.

“वैशाली, लॉकरची चावी कपाटात वरच्या खणात आहे. निळ्या डब्यात.”

“मला माहितीये रे.”

“आणि गॅसच्या पुस्तकात एक कागद आहे, त्यावर सगळे पासवर्ड आहेत.”

पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. मी वळले आणि धावत सुटले. फाटा ओलांडताना एक चप्पल गेली. दुसरी मीच काढून टाकली.

हिराबाई बोंबील चिरत होत्या. मी “चिखलात,” एवढंच म्हटलं आणि खाडीकडे हात केला. त्यांनी सुरी कमरेला खोचली, मासे पसरायच्या दोन लांब फळ्या उचलल्या आणि मला म्हणाल्या, “होडीतला दोर घे. काला, जाडा. जुना हाय तो.”

फाटा ओलांडून पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. “कोनी वढायचा नाय. मी बोलीन तवा, मी बोलीन तेवडाच.”

एक फळी चिखलावर टाकून त्या तिच्यावर पोटावर आडव्या झाल्या, दुसरी पुढे सरकवली, तिच्यावर गेल्या. मागची ओढून पुन्हा पुढे. साठीची बाई अशी सरपटत अनिलपाशी पोचली, तेव्हा पाणी त्याच्या बरगड्यांना होतं. त्यांनी आधी सुरीने तो केशरी फास कापला. अनिलने इतका मोठा श्वास घेतला की मला काठावर ऐकू आला. मग काळा दोर त्याच्या काखेतून नेऊन त्यांनी पुढे गाठ मारली. एका हाताने, दुसऱ्या हाताने फळी धरलेली.

“आता बस,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“खुर्चीत बसतोस ना, तसा बस. मागं रेल.”

“बुडेन मी.”

“नाय बुडत. उब्या मानसाला चिखल धरतो, आडव्याला सोडतो. रेल मागं.”

अनिल मागे रेलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. आयुष्यभर ज्याने कुणाचा शब्द कागदाशिवाय खरा मानला नाही, त्याला मागे पाण्यात पाठ टाकायची होती. मी म्हटलं, “अनिल, त्या सांगतायत तसं कर.” त्याने डोळे मिटले आणि पाठ टाकली. हिराबाईंनी त्याच्या मानेखाली फळी सरकवली.

“पाय हलव. जोर नको. पानी आत जाऊ दे. हां. आता वढा. हलू. थांब.”

आम्ही ओढलं, थांबलो. ओढलं, थांबलो. जुना दोर काथ्यासारखा खरखरीत होता. माझे तळवे सोलले, पण तो हातातून सरकला नाही. दर खेपेला मला वाटायचं की आणखी जोराने ओढावं, आणि दर खेपेला हिराबाई म्हणायच्या, “हलू.” किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शूटिंगवाल्या बंगल्यावरचा जनरेटर या काळात दोनदा सुरू झाला आणि दोनदा बंद पडला.

मग आतून एक मोठा हुंदका आल्यासारखा आवाज झाला आणि अनिलचा डावा पाय वर आला, बुटाशिवाय. थोड्या वेळाने उजवाही. आम्ही त्याला फळीवरून मोठ्या घोळ माशासारखा काठावर ओढून घेतला. तो चिखलाने इतका भरला होता की फक्त डोळे आणि ते अर्धं उसवलेलं कडं दिसत होतं. मी त्याला मिठी मारली. मग एक चापट मारली, खांद्यावर, फार जोरात नाही.

“चावी कुठेय ते मला वीस वर्षं माहितीये,” मी म्हटलं.

तो उजवा हात माझ्या हातावर ठेवून नुसता बसून राहिला.

हिराबाई फळ्या धूत होत्या. “इतकी शिकलेली मानसं,” त्या म्हणाल्या, “दोन दिस माज्या दारात हाव. एकाला बी इचारावासा नाय वाटला, पानी कवा येनार ते?”

त्या उठल्या. त्यांचे बोंबील तसेच पडले होते.

परत

आंघोळ करून अनिल हिराबाईंच्या नातवाची हाफ पँट आणि एका मंडळाचा टी-शर्ट घालून बसला. जेवण त्यांच्याच घरी झालं, सगळ्या बारा जणांचं. भात, बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी. शौर्यने वड्यांची पेटी उघडलीसुद्धा नाही. जेवताना तो माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “काकू, सॉरी. माझी चूक झाली.” त्याचे डोळे लाल होते. मी म्हटलं, “माझीही झाली. मी तर शिकवते.”

तीन वाजता समारोप झाला. कार्यक्रमपत्रिकेत होता, म्हणून झाला. पुन्हा गोल बसलो. या प्रवासात स्वतःबद्दल काय सापडलं, ते प्रत्येकाने सांगायचं होतं. एकाला आतली शांतता सापडली होती. आयटीवाल्याला टीमवर्क. तन्वीला कळलं होतं की संकटात ती शांत राहते. पिंपाला मिठी मारून ती किती वेळ ओरडत होती, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कुणी बोललं नाही.

अनिल उभा राहिला. मंडळाच्या टी-शर्टवर गणपती होता.

“मला काही सापडलं नाही,” तो म्हणाला. “मी तराफा बांधला, तो सुटला. मी चिखलात पडलो आणि मला पासवर्ड आठवत होते. मी स्वतः काहीच केलं नाही. हिराबाईंनी केलं. त्या इथे का बसलेल्या नाहीत?”

मग शौर्य स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. त्या ओले हात पदराला पुसत आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. शौर्यने त्यांना सगळ्यांसाठी एखादा संदेश द्यायची विनंती केली. हिराबाईंनी विचार केला.

“पुढच्या टायमाला येशाल,” त्या म्हणाल्या, “तर जेवान आदी सांगा. बारा मानसांचा भात एकदम नाय शिजत.”

टाळ्या वाजल्या. त्यांना कळेना कशाला वाजल्या. त्या परत गेल्या.

त्यानंतर प्रमाणपत्रं वाटली. जाड, मस्त कागद, सोनेरी कडा, मधोमध दोराचं चित्र. प्रतिकूल परिस्थितीत केवळ दोराच्या साहाय्याने तग धरण्याचं कौशल्य यशस्वीरीत्या प्राप्त केल्याबद्दल. ती आठवडाभर आधीच छापून आली होती. अनिलने आपलं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि पूर्ण वाचलं. क्लेमचे कागद वाचायचा तसं, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत.

होडी साडेचारची होती. निघताना आम्ही हिराबाईंचा निरोप घ्यायला मागच्या अंगणात गेलो. त्यांनी बांबूवरचे वाळलेले बोंबील काढले, ढीगभर, आणि आजूबाजूला बघू लागल्या.

“कागद हाय का कायी? पेपर सगला भिजला.”

मग त्यांची नजर अनिलच्या हाताकडे गेली. “यो जाडा हाय. कामाचा हाय का?”

अनिलने प्रमाणपत्राकडे एकदा पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला आणि त्यांच्या हातात दिलं.

हिराबाईंनी ते जमिनीवर पसरलं, अक्षरांवर बोंबील रचले, चारी बाजूंनी घट्ट घडी घातली. जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा घेतला, दोन वेढे, एक पीळ, झालं. बघता बघता पुडकं बांधून झालं. अनिल गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होता. घरी असता तर त्याने गाठीचं नाव सांगितलं असतं.

“परत एकदा दाखवाल?” त्याने विचारलं.

हिराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोरा सोडला, मोकळं टोक त्याच्या बोटांत दिलं आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवून हळूहळू पहिला वेढा घेतला.